आईच्या माहेरचा डोंगर

आईचा चेहरा पाहिलेलं शेवटचं माणूस आज पहाटे गेलं.

माझी मोठी बहीण. अक्का. वय नव्वद. शहाद्याला मुलाच्या घरी, झोपेतच.

मी पंच्याऐंशीचा. बोटं थरथरतात, म्हणून मी सांगतोय आणि नात टाइप करतेय.

सोबतचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो आमच्या वडिलांनी काढलेला. मावळतीचा सातपुडा.

दुसरं महायुद्ध चालू होतं. वडील शाळामास्तर. त्यांच्याकडे जुना बॉक्स कॅमेरा होता, पण रोल मिळायचे नाहीत. हाती असलेला रोल ते महिनोन्महिने पुरवायचे.

आईचं माहेर डोंगराच्या पायथ्याशी. आणि वडिलांची बदली झाली विसरवाडीला.

तिथून सातपुडा दिसत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे आजोळी होतो. रोलमध्ये एकच फोटो उरलेला. तो वडिलांना आईचा काढायचा होता. ती नवं लुगडं नेसून तयारही झाली.

मग अंगणात येऊन आमच्या अहिराणीत म्हणाली, "मन्हा काय फोटू काढतस? डोंगरना काढा. मी काय, घरमाच शे. कव्हय बी काढशात."

हे सगळं अक्काने सांगितलेलं. ती तेव्हा आठ वर्षांची, मी तीन. तिच्या कडेवर.

वडिलांनी कॅमेरा बैलगाडीवर टेकवला. आईला म्हणाले, निदान तू पुढे बांधावर तरी उभी राहा. ती गेली. सूर्य डोंगराला टेकला होता.

"आते तरी इकडे देख," वडील म्हणाले.

ती वळली नाही. त्यांनी दोनदा हाक मारली. उजेड चालला होता, शेवटी खटका दाबला.

मला घेऊन अक्का तिच्याजवळ गेली, तर आई रडत होती. पदराने तोंड पुसून म्हणाली, "चाल घर. सैपाक बाकी शे."

त्याच पावसाळ्यात विसरवाडीला तिला हिवताप झाला. नऊ दिवसांत गेली.

रोल त्यानंतर धुवून आला.

फोटोत बांधावर आई आहे. नखाएवढी. पाठमोरी.

वडिलांनी नंदुरबारच्या फोटोग्राफरचाचांकडून तो तीनदा मोठा करून घेतला. तिसऱ्यांदा चाचा हळूच म्हणाले, "मास्तर, पीठ कितनी भी बडी करो, चेहरा नहीं आता."

वडील दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. अक्का सोबत होती. त्यांना रडताना तिने त्या एकदाच पाहिलं.

अक्काची शाळा सुटली. माझ्यामुळे. मला न्हाऊ घालायला, भरवायला दुसरं होतं कोण?

मी रोज विचारायचो, आई कशी होती?

ती सांगायची. कपाळ रुंद. भुवया जुळलेल्या. हसली की डावा गाल आधी हलायचा.

मी तेवढ्यावर वाढलो.

गेल्या दिवाळीत पुन्हा विचारलं. या वयातही.

अक्का म्हणाली, "बापू, माले बी याद नही. मन्हा लगीनना पहिलेच भुलाई गयं. तू इचारे, अन् मी आरसामा मन्हं तोंड देखीसन तुले सांगू."

तिचा हात धरून बसलो.

"रागे भरना का?" तिने दोनदा विचारलं.

नाही म्हणालो. एवढंच.

अजून बोलायला हवं होतं. सांगायला हवं होतं की लहानपणी ताप आला की मी आईला नाही, तुलाच हाक मारायचो. की मला आई म्हणून दुसरं कुणी आठवतच नाही.

राहून गेलं.

दुपारी तिला तापीकाठी नेलं. तिच्या नातवंडांनी खांदा दिला. मला गाडीतून उतरू दिलं नाही.

अक्का, तुझ्या बापूचा नमस्कार घे.

सुखाने जा.