मेक्सिकोच्या जावेनं टांगलेलं मडकं

माझ्या नवऱ्याचा हात मी मोडला. काठीनं, भर दुपारी, पंचवीस-तीस लोकांसमोर, डोळ्याला पट्टी बांधून. गावात अजूनही "चुकून लागलं" असंच सांगतात आणि मी सांगू देते. इथे मात्र खरं लिहिते.

रिठदच्या अलीकडे आमचं गाव. मी अंगणवाडी सेविका. गावातल्या बायकांना गोळा करून घरातल्या मारहाणीबद्दल माहिती द्यायचं काम अधूनमधून माझ्याकडेच येतं. मी माहिती देते आणि घरी येऊन मार खाते. हसू नका, कधी कधी मलाच हसू येतं. नवरा दारू पीत नाही, ट्रॅक्टर चालवतो, देवळाच्या वर्गणीत पुढे असतो. फक्त त्याचा हात सैल. वरणात मीठ कमी, थप्पड. मीठ जास्त, थप्पड. उत्तर दिलं तर पाठीत गुद्दा, नाही दिलं तर "तोंडात गूळ धरला काय वं?" म्हणून परत गुद्दा. सासू, म्हणजे आमची बुडी, दारात बसून म्हणायची, "पुरे ना बा, शेजारी आयकून राह्यले." शेजारी ऐकतात एवढीच तिची अडचण.

माझी अडचण वेगळी होती. पोरगी नऊ वर्षांची. एक दिवस बाप जेवायला बसायच्या आधी ती गुपचूप वरणात बोट बुडवून मीठ चाखताना दिसली. मी विचारलं, काय करतेस गं? ती म्हणाली, "पाहून राह्यली आई, आज तुले मार पडते का नाई." मार मी खाल्ला होता, खाऊन घेईन. पण ही भीती पोरीच्या अंगात मुरायला नको, एवढं एकच मला पाहिजे होतं.

त्या डिसेंबरात धाकटा दीर बायको-पोराला घेऊन पहिल्यांदाच गावी आला. तो पुण्याच्या कारखान्याकडून मेक्सिकोला गेला होता आणि तिकडेच लग्न लावून बसला. फॉरेनची सून गोरीपान असेल म्हणून अख्खी आळी बघायला जमली, आणि निघाली आपल्यासारखीच सावळी, बुटकी, लांब वेणीची. बुडीचं तोंड उतरलं. मला मात्र ती पाहताक्षणी आवडली. तिला मराठी येईना, मला तिची भाषा येईना. तिच्या फोनमध्ये एक बाई होती, ती आमचं बोलणं हिंदीतून इकडचं तिकडे करायची.

पहिल्याच दिवशी जावेनं परसातला पाटा-वरवंटा पाहिला आणि त्याच्याजवळ फतकल मारून रडायला लागली. तिच्या आईकडेही असाच पाटा आहे म्हणे, फक्त त्याला तीन पाय. मग तिनं मका मागितला, बुडीच्या पानाच्या डब्यातला चुना उचलला आणि चुन्याच्या पाण्यात मका शिजत ठेवला. बुडी ओरडलीच, "अव माय, चुना खाऊ घालते! लेकरं मारते काय हे?" सकाळी आम्ही दोघींनी तो मका धुऊन वाटला. जावेनं तळहातावर थापून भाकरीच्या तव्यावर पातळ पोळ्या टाकल्या. तिकडे त्याला तोर्तिया म्हणतात. त्याच तव्यावर टमाटे नि लाल मिरच्या भाजून ठेचल्या. आपल्या मक्याच्या भाकरीहून मऊ, आणि वास नव्यानं चुना दिलेल्या भिंतीसारखा. पोरीनं उभ्या उभ्या चार खाल्ल्या.

नवरा जेवायला आला. एक घास घेतला आणि थांबला.

"भाकर कुठी हाये?"

"आज हेच हाये," मी म्हटलं. "पाव्हणीनं केलं."

बस. ताट उडालं. त्याची कड माझ्या भुवईला लागली आणि ठेच्यातली मिरची डोळ्यांत गेली. मी चाचपडत मोरीकडे निघाले तर कमरेत लाथ बसली, तोंडावर पडले. जाऊ उठून तिच्या भाषेत काहीतरी किंचाळली. दिरानं तिचा दंड धरून तिला खाली बसवलं आणि मला म्हणाला, "वहिनी, तुमी डोळे धुऊन घ्या." शिकला-सवरलेला माणूस, विमानातून आलेला! लाथेपेक्षा ते मला जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या भुवईला हळद लावता लावता जाऊ फोनमधल्या बाईकडून बोलली. तिच्या बापाचा कमरेचा पट्टा होता. त्या पट्ट्यानं तिच्या आईचे दोन दात गेले. आता बाप मेला. दिवाळीच्या आगेमागे त्यांच्याकडे मेलेल्यांचा सण असतो. घरात पायऱ्या मांडून झेंडूची फुलं पसरतात, फोटो ठेवतात, ज्याला जे आवडायचं ते त्याच्यापुढे वाढतात. आपली पितरंच की! "आई त्या बापाचाही फोटो मांडते, पुढे त्याच्या दारूचा पेला ठेवते," जाऊ म्हणाली. "मी तो फोटो भिंतीकडे फिरवते. आई सरळ करते. मी परत फिरवते." मी म्हटलं, आमच्यात तर मेल्यावरही नवऱ्याचं पान आधी वाढतात, आणि कावळा शिवेपर्यंत आम्ही उपाशी. ते फोनमधल्या बाईनं तिला कसं सांगितलं कोण जाणे, पण दोघी खूप हसलो. हसताना माझी भुवई परत फाटली.

मग तिच्या पोराचा वाढदिवस आला. तिकडे डिसेंबरात मातीचं मडकं रंगीत कागदानं सजवतात, आत खाऊ भरतात, उंच टांगतात आणि डोळे बांधून काठीनं फोडतात. जावेनं कुंभाराकडून मडकं आणलं, त्याला कागदाची सात शिंगं चिकटवली. सात शिंगं म्हणजे माणसाची सात पापं, एकेक बडवून काढायची. त्यातलं एक राग. बुडी म्हणाली, "मंग आमच्या घरी एकच शिंग लाव, मोठं." आत शेंगा, संत्री, उसाची कांडी, चिक्की भरली. सगळं छान, पण झाडाला मडकं टांगणं म्हणजे आमच्याकडे काय, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. आमच्यात माणूस गेला की दहा दिवस झाडाला मडकं असतं. कडुनिंबाच्या फांदीवरून दोर टाकून जावेनं मडकं वर घेतलं, तशी बुडीनं छाती पिटली. "कोण मेलं वं? कोण मेलं माह्या घरात?" शेजारच्या दोघी तर खरंच डोक्यावर पदर घेऊन रडत आल्या. शेवटी बुडीनंच तोड काढली. मडक्याला हळद-कुंकू लावलं आणि जाहीर केलं, "दहीहंडी हाये. मेक्सिकोहून आली म्हून उशीर झाला." सगळे हसले. नवराही हसला.

दोर ओढायचं काम त्यानंच घेतलं. मारणाऱ्यानं काठी उगारली की दोरवाल्यानं मडकं झटकन वर घ्यायचं, हीच त्यातली गंमत. पोरांची पाळी झाली. मग जावेनं काठी माझ्या हातात दिली, दुपट्ट्यानं डोळे बांधले, तीन गिरक्या दिल्या आणि कानाशी येऊन म्हणाली, "जोर से."

मी हाणली, हवेत.

"दम नाई काय वं अंगात?" नवऱ्याचा आवाज. "खाते तर चार भाकरी!"

लोक खदखदले. मी परत हाणली, मडकं वर. "ओ आंधळे, इकडे हाये, इकडे!"

दुपट्टा नाकाजवळ सैल होता. खाली पाहिलं की हातभर जमीन दिसायची. त्या हातभर जमिनीत त्याच्या चपला आल्या. उजव्या चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला. ती तार मी किती वेळा जवळून पाहिली होती, भुईवर पडल्या पडल्या. मी मडक्याचा नाद सोडला आणि चपलेकडे वळले.

काठी त्याच्या कोपराखाली बसली. गुडघ्यावर ऊस मोडावा तसा आवाज झाला. दोर सुटला, मडकं खाली येऊन फुटलं, आणि पोरं शेंगा-संत्र्यांवर तुटून पडली. तो खाली बसून ओरडत होता, पण पोरांच्या कल्ल्यात कोणाला ऐकू गेलं नाही. मला गेलं. पहिली चुकून लागली असं कोणीही म्हणेल. दुसरी मी आवाजाच्या अंदाजानं मारली, ती खांद्यात बसली. आणि खोटं कशाला बोलू, मला गोड वाटलं. इतक्या वर्षांचं सगळं हातात उतरलं होतं, थांबावंसं वाटेना. तिसरीसाठी काठी डोक्यावर नेली.

पट्टीखाली पाहिलं तर चपला नव्हत्या, माझी पोरगी होती. बापाच्या पुढ्यात उकिडवी बसलेली. डावं कोपर कपाळावर, उजवा तळवा मानेमागे, मुठीत शेंग तशीच. हुबेहूब मी बसते तशी. संत्र्यामागे आली होती की बापाला झाकायला, मी आजवर विचारलं नाही. "आई, नको," एवढंच म्हणाली. जावेनं मागून मला मिठी मारली आणि काठी काढून घेतली. नाहीतर माझा हात थांबला असता का, देव जाणे.

त्याला तालुक्याला, रिसोडला नेऊन प्लास्टर घातलं. खेळात लागलं, असं त्यानंच डॉक्टरला सांगितलं. येताना गाडीत मला विचारलं, "दिसत होतं काय तुले?"

"दिसत होतं," मी म्हटलं. तो खिडकीबाहेर पाहत बसला.

जाऊ गेली. जाताना पाट्याला हात लावून पाया पडली, बुडीच्या पडली नाही. पुढे प्लास्टर निघालं. हात जरा वाकडाच जुळला, पण परत माझ्यावर उठला नाही. अंगणवाडीत बायका हळूच विचारायच्या, "ताई, ते मडकं परत कधी टांगता?" मी हसायची. जिंकल्यासारखं वाटायचं.

मग एका सकाळी पोरगी चुलीजवळ शेंगा सोलत बसली होती. तिच्या डोक्यावरच्या फळीवर मिठाचा डबा, तो घ्यायला मी हात वर केला. तिचं डावं कोपर कपाळावर गेलं, उजवा तळवा मानेमागे. बाप शेतात होता. घरात आम्ही दोघीच होतो.

आता फळीवरचं काही घ्यायचं असलं की मी तिला आधी सांगते, "मिठाचा डबा काढून राह्यली, बाई," आणि मग हात हळूहळू वर नेते.