शुक्रवारचं स्वस्त तिकीट

आमच्या घरात विमानाची तिकिटं काढायचं खातं माझ्याकडे होतं, आणि त्याचा मला भलताच माज होता. बरकतपुऱ्यातल्या ओळखीच्या घरांतून कुणाला पुण्या-मुंबईला जायचं असलं की मला निरोप यायचा. माझं शास्त्र सोपं होतं. शेवटच्या दिवसापर्यंत कळ काढायची. खुर्च्या रिकाम्या राहिल्या की कंपनी त्या मिळेल त्या भावाला काढते. दहातून सहा वेळा हे खरं ठरायचं. उरलेल्या चार वेळांची आठवण मी कुणाला करून देत नसे.

वेगळ्या राज्याच्या आंदोलनाचे ते दिवस. आज बंद, उद्या रेल रोको. काचीगुड्याहून गाडी सुटेल की नाही हे स्टेशनमास्तरही सांगू शकत नसे. त्यातच बुधवारी पुण्याहून आत्याचा फोन आला. शनिवारी सकाळी तिच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. बाबांना म्हणाली, "आत न्यायच्या आधी एकदा तोंड दाखवून जा रे." बाबा तिच्याहून दहा वर्षांनी धाकटे, तिच्या कडेवर वाढलेले. रेल्वे बंद, पुण्याच्या बस बंद. उरलं विमान, म्हणजे मी.

गुरुवारी सकाळी बाबांनी विचारलं, "आजचं मिळतंय का?"

मिळत होतं, पण भाव बघून माझे डोळे पांढरे झाले. "आज जागा नाहीत, उद्या नक्की," असं मी ठोकून दिलं.

"उद्या शुक्रवार. पश्चिमेला दिशाशूल," बाबा म्हणाले. शुक्रवारी पश्चिमेला निघायचं नाही आणि पुणं नेमकं पश्चिमेला. अर्थात यावर जुन्या माणसांकडे तोड असते. आदल्या दिवशी चांगली वेळ पाहून आपली पिशवी शेजारी नेऊन ठेवायची, की प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. मग माणूस दुसऱ्या दिवशी निघाला तरी चालतं, फक्त पिशवी घरात परत आणायची नाही. संध्याकाळी बाबांनी पिशवी समोरच्या तेलुगू आंटींकडे पोचवली.

शुक्रवारी दुपारी भाव धाडकन उतरला. मी संध्याकाळच्या शेवटच्या विमानाची दोन तिकिटं काढली, बाबांचं आणि माझं, आणि स्वतःवरच खूश झालो. रिक्षा बोलावली, पिशवी घ्यायला समोर गेलो, तर दाराला कुलूप.

"ओळखपत्र खिशात आहे ना तुमच्या?" मी विचारलं.

"पिशवीत. प्रस्थान काय अर्धं ठेवायचं?"

आंटींना फोन लावला. त्या खरेदीला गेल्या होत्या आणि मोर्च्यामुळे अफझलगंजला बसमध्ये अडकल्या होत्या. "फिकर नक्को करो बेटा," त्या म्हणाल्या, "बैग अंदर है. मैं खुद ताला डालके आयी."

आम्ही पाऊण तास त्या कुलपाकडे बघत बसलो. फोडू या, असं मी म्हणून पाहिलं. बाबा म्हणाले, "दुसऱ्याचं घर आहे ते." ओळखपत्राशिवाय विमानतळाच्या दारातसुद्धा उभं करत नाहीत, हे त्यांना माहीत होतं. शेवटी त्यांनीच मला रिक्षात बसवलं. "तू जा. आपलं कुणीतरी दिसू दे तिला." ते परत त्या कुलपासमोर जाऊन उभे राहिले, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

शनिवारी सकाळी आत्याच्या खाटेजवळ गेलो तेव्हा तिनं आधी माझ्या मागे पाहिलं. मी पिशवीची सगळी कथा सांगितली. वाटलं, आता रडेल.

"प्रस्थान ठेवलं होतं ना त्यानं?" तिनं विचारलं.

"हो, गुरुवारीच."

"मग निघालाय तो," ती म्हणाली, आणि नर्सला सांगितलं, "चला."

ऑपरेशन नीट झालं. बंद उठल्यावर बाबा बसनं आले ते रविवारी. आत्या शुद्धीवर होती. बाबा तिचा हात धरून बसले.

आंटींच्या कुलपाची गोष्ट आमच्याकडे अजून निघते. सगळे हसतात, बाबा सर्वांत जास्त. दोष ते स्वतःवर घेतात: "माझ्याच पिशवीपायी." मीही हसतो. गुरुवारी जागा होत्या, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.