गुरुजींच्या खुर्चीवरचा कॅमेरा

कॅमेरा बंद पडला तेव्हा प्रज्ञाच्या लग्नाला चार दिवस उरले होते. मलकापुरात माझ्या स्टुडिओच्या गच्चीवर, एप्रिलच्या उन्हात मी तो चालवून बघत होतो. बाविसाव्या मिनिटाला स्क्रीनवर तापमानाची खूण आली आणि सगळं काळं झालं. लग्नाचा विधी त्याहून जास्त वेळ चालणार होता. कॅमेरा हातात धरवत नव्हता आणि मला मात्र गार घाम फुटला होता.

लग्नाचं शूटिंग मी वीस वर्षं करतोय, पण हे काम निराळं होतं. प्रज्ञा नर्स आहे. तिचे वडील, वानखडे गुरुजी, जळगाव जामोदला राहतात. त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं, पलंगावरून हलायची सक्त मनाई. लग्न बुलढाण्याला. तारीख पुढे ढकलायला गुरुजींनीच नकार दिला. म्हणून प्रज्ञाला ३६० अंशांचा व्हिडिओ हवा होता, म्हणजे चारही बाजू एकदम टिपणारा. नंतर डोळ्यांवर व्हीआर चष्मा बांधला की मान वळवू तिकडचं दिसतं. चष्मा तिच्याकडे होता. कॅमेरा मला आणायचा होता.

"भाऊ, लय महागाचा नका घेऊ," ती म्हणाली. "पण बाबाले वाटलं पाह्यजे का ते हॉलमध्येच बसून हायेत."

मी हो म्हणून बसलो. ही माझी जुनी खोड आहे. आधी हो म्हणायचं आणि मग जेवण गोड लागत नाही.

गच्चीवर भाजला तो आठ केचा, भाड्याने आणलेला. आठ के म्हणजे चित्रात ठिपके जास्त, चित्र स्वच्छ. साध्या कॅमेऱ्यात एवढे लागत नाहीत. इथे मात्र ते चारही बाजूंना वाटले जातात आणि समोरच्याच्या वाट्याला थोडेच येतात. दुसरा नवा होता आणि सगळ्यांत स्वस्त. पण अशा कॅमेऱ्याला पाठीला पाठ लावून दोन लेन्स असतात आणि दोन्हींची चित्रं कडेला जोडावी लागतात. त्या जोडाला मी शिवण म्हणतो. शिवणीवर जवळचा माणूस आला की त्याची चिरफाड होते. बायकोला शेजारी बसवून टेस्ट केली. व्हिडिओ बघून ती म्हणाली, "माह्या कान कुठं गेला?" तिसरा अकोल्याच्या मित्राकडचा, वापरलेला, पाच वर्षं जुना. चित्र जरा धूसर. पण तासभर उन्हात ठेवला तरी बंद पडला नाही, आणि हातभर लांबच्या माणसाची शिवण बरी जोडली जात होती.

धूसर कॅमेरा घ्यायचा की भाजणारा? ठरेना. शेवटी एस.टी. पकडून जळगाव जामोदला गेलो आणि गुरुजींनाच विचारलं, "तुमाले जास्त काय पाहाचं हाय? स्टेज का पाहुणे?"

गुरुजी उताणे पडले होते. म्हणाले, "पोरगी त दिसनच. मले माह्या बाजूची खुर्ची पाहाची हाय. डावीकडची."

कॅमेरा हॉलमध्ये गुरुजींच्या खुर्चीवर ठेवायचा होता आणि डावीकडच्या खुर्चीवर काकू बसणार होत्या, म्हणजे त्यांच्या पत्नी.

"मले म्हणते, मी काही रडनार नाई," गुरुजी म्हणाले. "पाहातोच न मी."

"कायले रडू? पोरगी चांगल्या घरी चालली," काकू आतून म्हणाल्या.

कॅमेऱ्याचं तोंड स्टेजकडे केलं, की डावी बाजू म्हणजे नेमकी शिवण. आणि काकू हातभरसुद्धा लांब नसणार. गुरुजींना जो एकच चेहरा पाहायचा होता, तोच फाटणार होता.

परत येताना एस.टी.त मांडीवर पाण्याची बाटली फिरवत बसलो. या बाजूला एक लेन्स, त्या बाजूला दुसरी. खामगावचा एक प्रवासी माझ्यापासून जरा सरकून बसला. नांदुऱ्याच्या आसपास डोक्यात प्रकाश पडला. कॅमेरा स्टेजकडे तोंड करून ठेवायचाच कशाला? तिरका ठेवला, स्टेज आणि काकू यांच्या बरोबर मधोमध, तर दोघंही एकाच लेन्समध्ये येतात. एक शिवण पाठीमागे जाते, दुसरी समोर उजवीकडच्या मोकळ्या वाटेवर. दिशा नंतर सॉफ्टवेअरमध्ये सरळ करता येते. धूसर तर धूसर, जुना कॅमेरा पक्का केला.

लग्नाच्या दिवशी पहिल्या रांगेतल्या गुरुजींच्या खुर्चीवर, बसल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर तो तिरका बसवला. शेजारी काकू. ही खुर्ची कोणाची ते कळल्यावर लोक येऊन तिला जयभीम करू लागले. मी लांब खांबाआड उभा राहिलो. या कॅमेऱ्याला पाठ नसते, मागे उभा राहिलेलाही दिसतो. मोबाइलवर चित्र बघत होतो.

त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. तेवढ्यात प्रज्ञाचे मामा उठले. कॅमेरा वाकडा दिसला, त्यांनी तो सरळ केला. लग्नात फोटोग्राफरचं काम सगळ्यांनाच येतं.

मोबाइलवर काकूंचा चेहरा उभा चिरला. वधूवरांच्या प्रतिज्ञा दोन मिनिटांवर आल्या होत्या. आत गेलो तर मी दिसणार आणि थांबलो तर काकू जाणार. मी गुडघ्यांवर आलो आणि शे-दीडशे पाहुण्यांसमोर रांगत निघालो. मेलो असतो तर बरं, असं वाटत होतं.

"म्या सरळ केलता न बे!" मामा कुजबुजले.

"मामा, हात जोडतो. तिरकाच राहू द्या."

कॅमेरा फिरवला. परत जायला वेळ नव्हता. मग सुचलं, माणूस चिरला जातो तिथंच आपण लपावं, आणि सरकत सरकत उजवीकडच्या वाटेवर, बरोबर शिवणीवर जाऊन बसलो. प्रतिज्ञा संपेपर्यंत श्वाससुद्धा बेतानं घेतला.

दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या डोळ्यांवर चष्मा बांधला. काकू पलंगाच्या उजवीकडे बसल्या होत्या. गुरुजींनी हात जोडून एकेकाला जयभीम केला. मग म्हणाले, "वाटेवर ह्या अर्धा मानूस कोन बसला?"

"मीच तो," मी म्हणालो.

प्रतिज्ञा सुरू झाल्या तशी त्यांनी मान डावीकडे वळवली. बराच वेळ ती तिकडेच होती.

"तू रडली व्हती," ते म्हणाले.

"अगरबत्तीचा धूर व्हता तो."

गुरुजींनी तिचा हात धरायला आपला हात पुढे केला. डावीकडे. तिथं रिकामा पलंग होता. ते चाचपडत राहिले. काकू उठल्या, पलंगाला वळसा घालून डावीकडे आल्या आणि तो हात त्यांनी धरला. मी बाहेर जाऊन उगाच लेन्स पुसत बसलो.

आता ३६० साठी कोणता कॅमेरा घ्यावा असं कोणी विचारलं, की के किती ते मी शेवटी सांगतो. बघणारा मान कुठं वळवणार, हे आधी विचारतो. आणि घरात मामा किती आहेत, हेही.