हबीब मिस्त्रींनी घासलेले हेड

हबीब मिस्त्री गेल्याची खबर आली तेव्हा मी कचेरीसमोरच्या माझ्या टेबलावर एका बाईचा वारसनोंदीचा अर्ज लिहीत होतो. फोन गोविंदचा होता. गोविंद हा मिस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये वीस वर्षे लेथ आणि ग्राइंडर चालवणारा त्यांचा जोडीदार. तो एवढेच म्हणाला, “उस्ताद गेले, वकीलसाहेब. सकाळी चहा पिता पिता गेले.” मी हातातली ओळ पुरी केली, कारण अर्धी ओळ सोडून उठणे माझ्या व्यवसायात बसत नाही, आणि मग त्या बाईला उद्या या म्हणालो. या गोष्टीला आता दीड महिना होत आला. मधल्या काळात मिस्त्रींविषयी बरेच बोलले गेले. ते साधे होते, सरळ होते, कुणाच्या अध्यातमध्यात नव्हते, वगैरे. या शेवटच्या विधानास मी येथे लेखी हरकत नोंदवीत आहे. ते अध्यातही होते, मध्यातही होते, आणि ज्या ठिकाणी उभे राहिले तेथून हलले नाहीत.

मी मूळचा उमरीचा, नववीपर्यंत शिकलेला. लातुरात अर्जनवीस म्हणून तीस वर्षे काढली. लोक वकीलसाहेब म्हणतात आणि मीही ते नाकारीत नाही, कारण माझे अक्षर ओळखत नाही असा कारकून या शहरात शोधावा लागेल. मिस्त्री माझ्याकडे प्रथम आले ते एका नोटिशीचा कागद घेऊन. तो कागद त्यांनी टेबलावर ठेवला आणि बाकावर बसले. हाताला ऑइलचा वास, खिशात पाना, आणि वाचायला फक्त उर्दू येणारा माणूस. प्रकरण मी त्यांच्याकडूनच समजून घेतले. ते येथे सांगणे भाग आहे, कारण या माणसाची सगळी हिंमत एका इंजिनाच्या पोटात होती.

येथल्या एका डाळ मिलच्या बंदिस्त गोदामात डाळीने भरलेले कट्टे उचलायला डिझेलच्या फोर्कलिफ्ट होत्या. त्याच गोदामात एका बाजूला पंचवीस-तीस बाया डाळ निवडायला बसत. दिवसभर धूर. संध्याकाळी त्या पदराने नाक पुसत तेव्हा पदर काळा होई. मिस्त्री तेथे दुरुस्तीला जात. त्यांनी शेठच्या मागे लागून डिझेलच्या जागी पेट्रोल इंजिनाच्या जुन्या मशीन आणवल्या आणि त्यांवर प्रोपेनची टाकी बसवून घेतली. धूर गेला. पण ताकदही गेली. अंगणातून गोदामात जाणाऱ्या चढणीवर भरलेली मशीन धापा टाकून बंद पडू लागली. हमाल हसायचे, ड्रायव्हर शिव्या घालायचा, आणि शेठने सांगून टाकले की गॅसला दम नाही, पुढच्या महिन्यात डिझेल परत आणतो. मिस्त्रींचे उत्तर मला गोविंदने सांगितले आहे. ते म्हणाले, “गॅसला दम हाय, शेठ. इंजिनच अजून पेट्रोलचं हाय.”

त्यांचे म्हणणे असे. पेट्रोल जास्त दाबले तर इंजिन आतून ठोके मारते, म्हणून बनवणाऱ्याने दाब कमी ठेवलेला असतो. प्रोपेन त्याहून पुष्कळ दाब सोसतो. तो दाब त्याला द्यायचाच नाही आणि वर त्याला अशक्त म्हणायचे, हा अन्याय आहे. अन्याय हा शब्द माझा. मिस्त्री त्याला फक्त “गलत काम” म्हणत. त्यांनी इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरवरचे जाड झाकण, उतरवले आणि ग्राइंडरवर थोडे थोडे घासून आतली जागा कमी केली, तसा दाब वाढला. स्पार्कची वेळ गॅसच्या जळण्याला जुळवून घेतली. रेडिएटरमागची तापलेली हवा ओढणारा पाइप काढून तो बाहेरच्या गार बाजूला वळवला, कारण गरम हवा पसरते आणि सिलिंडरमध्ये कमी मावते. गॅस कोरडा, त्याने झीज लवकर होते, म्हणून व्हॉल्व्हच्या सीट, म्हणजे झडपा टेकतात त्या कडा, कठीण धातूच्या बसवल्या. आणि शेवटी पेट्रोलची टाकीच काढून टाकली. शेठ घाबरला. उद्या गॅस नाही मिळाला तर? घासलेल्या हेडवर पेट्रोल चालणार नव्हते, हे खरे होते. मिस्त्री म्हणाले, “दोन्ही इंधनांवर चालवायची म्हटलं की ती दोन्हींवर अर्धीच चालती.”

मशीन चढू लागली. मात्र त्या मशीन विकणाऱ्या एजन्सीला ते रुचले नाही. तिने तक्रार केली, आणि एका कचेरीतून नोटीस निघाली की अनधिकृत फेरबदल धोकादायक आहेत, सबब मूळ मापाचे हेड पूर्ववत बसवावे. पूर्ववत म्हणजे पुन्हा दम नाही. दम नाही म्हणजे पुन्हा डिझेल, आणि त्या बायांच्या पदराला पुन्हा काजळी.

मी उत्तर तयार केले. सुरेख झाले होते, हे आजही म्हणेन. शेवटी माझ्या रीतीप्रमाणे लिहिले, की अनवधानाने झालेली चूक पोटात घालावी व अर्जदारास क्षमा करावी. मी प्रत्येक उत्तराचा शेवट असाच करीत आलो होतो. साहेब लोकांना तेवढी ओळ लागते. मिस्त्रींनी सही करण्याआधी वाचून दाखवायला सांगितले. मी वाचले. ते म्हणाले,

“वकीलसाब, चूक कुठं झाली ते बी लिवा मंग. मी दुरुस्त करतो.”

मी रागावलो. तीस वर्षांचा अनुभव सांगितला. नम्रतेने काम होते, ताठ्याने फायली वर्षानुवर्षे अडकतात, हेही सांगितले. ते बाकावरून उठले नाहीत आणि आवाजही चढवला नाही. फक्त पेन खाली ठेवले. शेवटी मीच तो कागद फाडला आणि नवा लिहिला. क्षमेची ओळ वगळून, चढणीवर येऊन प्रत्यक्ष पाहणी करण्याची मागणी घातली. ‘मागणी’ हा शब्द ‘विनंती’च्या जागी मी आयुष्यात त्या दिवशी पहिल्यांदा वापरला.

अधिकारी आले. मीही हजर राहिलो. पन्नास किलोचे तीस कट्टे चढवलेली मशीन मिस्त्रींनी स्वतः चालवली, आणि चढणीच्या मधोमध मुद्दाम ब्रेक लावून थांबवली. पळत आलेली मशीन कशीही वर जाते. थांबलेली गेली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. अधिकारी म्हणाले, राहू द्या, मागे घसरेल. मिस्त्रींनी ऐकले न ऐकल्यासारखे केले. इंजिनाचा आवाज जरासा जाड झाला, आणि मशीन त्या वजनासकट, काही घाई नसल्यासारखी, वर गेली. बायांचे हात थांबले होते. त्यांतली एक वयस्क बाई शेजारणीला म्हणाली, “आता सायबाला बसवा गं कट्ट्यावर, त्यालाबी वर नेतीया.” अधिकारीसुद्धा हसले. पण अहवालात त्यांनी ‘पाहणी केली’ इतकेच लिहिले आणि निकाल राखून ठेवला.

निकालाआधी मिस्त्री गेले. त्यानंतर पत्र आले की संबंधित इसम मयत झाल्याने, मूळ मापाचे हेड बसवून घेत असल्याचे कुटुंबाने लेखी दिल्यास प्रकरण बंद करण्यात येईल. जो तो सांगू लागला, देऊन टाका, माणूस तर गेला. मिस्त्रींच्या पत्नी जुबेदाभाभी ते पत्र घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. म्हणाल्या, “भाईसाब, त्यांनी जितेपणी दिलं न्हाई लिहून. मी मागं राहून कशी देऊ?” मी हरकतीचा अर्ज लिहिला. कारकुनाने तो परत सरकवला. वारसांची नोंद होईपर्यंत बाईंची सही चालणार नाही, शेठ सही करायला तयार नाहीत, मग अर्जदार कोण? तीस वर्षांत मी हजारो माणसांचे म्हणणे मांडले, पण माझे नाव कागदावर कधी आले नाही. अर्जनवीसाने सही करायची नसते, हा आमचा दंडक आहे. मी कागद उलटा फिरवून घेतला आणि अर्जदाराच्या जागी माझे नाव लिहिले. खाली लिहिले, पाहणीचा प्रत्यक्ष साक्षीदार. कारकुनाने दोनदा माझ्याकडे पाहिले आणि शिक्का मारला. मशीन आज आहे तशी चालते आहे. निकाल यायचा आहे. तो विरुद्ध आला तर अपिलाचा मसुदा माझ्याकडे तयार आहे.

परवा वर्कशॉपवर गेलो होतो. उमरीच्या एका कापसाच्या जिनिंगमधून तशीच दमलेली मशीन आली आहे, आणि तिचे हेड ग्राइंडरवर चढले होते. आतल्या भिंतीवर मिस्त्रींनी खडूने उर्दूत हिशेब लिहून ठेवले आहेत, कोणत्या इंजिनाचे हेड किती घासायचे ते. गोविंदला ते वाचता येत नाहीत. जुबेदाभाभी स्टुलावर उभ्या राहून, चष्मा सावरीत, वाचून सांगत होत्या.

“पहिली बार पाव मिलिमीटर. मंग थांबायचं. हात फिरवून बघायचं… असं लिवलंय.”

गोविंदने ग्राइंडर थांबवला, तळहात हेडवरून सावकाश फिरवला, आणि विचारले, “फुडं?”

भाभींनी पुढची ओळ वाचली.