केसरआक्काचा गार पेला

सुरतेत आमच्या डिंडोलीच्या गल्लीत केसरआक्काकडे कोणी गेलं की आधी मडक्यातलं गार पाणी मिळायचं, चहा मग. पेला हातात द्यायची आणि आपल्या तोंडाकडे टक लावून बघायची. गार लागून डोळा जरा बारीक झाला की संपलं! "आ कर." कापडाच्या लूमवरचे भलेभले मुकादम तिच्यापुढे आ करून उभे राहिलेले मी पाहिलेत.

तिच्या तोंडात मात्र एकही दात नव्हता. अमळनेरकडची बाई, नवऱ्यापाठोपाठ सुरतेला आली, जन्मभर लूमसाठी सुताच्या कांड्या भरल्या. म्हणायची, "मशेरी लावली की ठणक थांबे. मी समजले बरं झालं. बरं कुठलं भाऊ, बधिर झालं होतं! एकेक करत सगळे गेले."

मी तिच्या तावडीत कधी सापडलो नाही, कारण तिथं पाणीच पीत नव्हतो. बमरोलीच्या कारखान्यात तीस वर्षं सूत दातानं तोडलं, त्यामुळे गार लागलं की कळ थेट मस्तकात जायची. पण सांगतो कशाला? माझा इलाज माझ्याकडे होता. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याला सूत अडकलं की आम्ही काचकागदानं घासून तो गुळगुळीत करतो. तसेच मी दात घासायचो, राख-मीठ आणि ताठ ब्रश. दुखलं की आणखी जोरात.

मग मुलीला कतारगामचं स्थळ आलं. त्यांच्या घरी पहिल्याच भेटीत व्याह्यांनी थंडा कोको, सुरतेचं ते बर्फगार चॉकलेटी दूध, पुढे केला. मी म्हटलं, "नको." त्यांनी आग्रह केला. "नको म्हटलं ना!" आमच्या खानदेशात सोयऱ्याच्या घरचं पाणी नाकारलं म्हणजे सोयरीक नाकारली. चौथ्या दिवशी निरोप आला, "मनात नसेल तर सरळ सांगा." पोरीनं जेवण सोडलं. बायकोनं मला धरून आक्काच्या दारात नेलं.

"व्याह्याला खरं सांगून टाक," आक्का म्हणाली.

"दातांचं रडगाणं गाऊ? मी?"

"मग लग्नाची सुपारी फोडायचं महिन्यावर ठेव. तिथं कोको पिऊन दाखव!"

निरोप गेला. आक्कानं माझ्या राखेचा डबा गटारात उपडा केला. "हाऊ दात शे, धोटा नई! धोटा झिजला तर मालक दुसरा देतो. दात कोण देईल?"

कोमट मिठाच्या चुळा सुरू झाल्या, दाताखाली लवंग आली. ठणक बसली. मी म्हटलं, "बघा, दवाखाना लागलाच नाही!"

"लवंग पाहुणी शे भाऊ. घडीभर बसेल आणि जाईल. झिजलं ते ती भरणार नाही. चल."

दातांची डॉक्टरीण माझ्या पोरीएवढी. बघितलं आणि म्हणाली, "काका, घसी घसीने तमे ज दांत बगाड्या!" म्हणजे घासून घासून मीच दातांची वाट लावली होती. एका दातात खड्डा होता, तो भरला. बाकीच्यांना झिणझिण्यांवरची पेस्ट आणि मऊ ब्रश. दोन वेळा, हलक्या हातानं. नंतर फक्त थुंकायचं, चूळ भरायची नाही.

आठ दिवसांत फरक पडेना. मी ब्रश फेकला. आक्कानं तो उचलून धुतला आणि रोज सकाळी नळाशी येऊन उभी राहू लागली. "हळू रे! बाळाची टाळू शे असं समज!"

तिसऱ्या आठवड्यात तिनं पेला दिला. मी डोळे मिटून घोट घेतला. काही नाही! दुसरा घोट. काहीच नाही! आक्कानं अशा टाळ्या वाजवल्या की अख्खी गल्ली दारात आली.

सुपारीच्या दिवशी व्याह्यांनी भीत भीत कोको पुढे केला. मी एका दमात ग्लास रिकामा केला आणि म्हटलं, "आणखी आहे का?" बायकांतून आक्का ओरडली, "व्याही, ग्लासानं काय होतं, जग आणा जग!" व्याह्यांनी मला मिठीच मारली. पोरगी हसत होती आणि रडतही होती.

आक्का जाऊन वर्ष झालं. तिचं मडकं तिच्या सुनेनं मला दिलं. परवा जावई आले. मी गार पेला हातात दिला आणि तोंडाकडे बघत राहिलो. त्यांचा डोळा जरासा बारीक झाला.

"जावईबापू," मी म्हटलं, "आ करा."