एकच झिंदाबाद

सकाळी काळाचौकीच्या नाक्यावर चहा घेत होतो, तेवढ्यात फणसवाडीतून देवधर वहिनींचा फोन आला. "परब, हे गेले हो..." कप हातातच राहिला. देवधर साहेब आमच्या कंपनीचे पर्सोनेल मॅनेजर आणि मी युनियनचा सेक्रेटरी, म्हणजे आमचं वैरच असायला हवं. होतंही, पण गेटवर. गेट मीटिंगला मी त्यांच्या नावानं 'मुर्दाबाद' अशी ठोकायचो की परळचा पूल हलावा! मग वर केबिनमध्ये बोलणी. घसा बसलेला असायचा. साहेब ड्रॉवरमधून ज्येष्ठमधाची डबी काढून पुढे सरकवायचे. "चघळा आधी. भांडायला आवाज लागतो." एकदा म्हणाले, "परब, आज जोर नव्हता हो. हेड ऑफिसला वाटेल, मी तुम्हाला सामील आहे. मला काढून कुणी कसाई आणून बसवतील. जरा मनापासून द्या." आता बोला! असा साहेब बघितलाय कुणी?

मग खर्चकपात आली. पॅकिंग खातं कंत्राटदाराला द्यायचं ठरलं. तिथं सगळ्या बायका, घरं त्यांच्याच पगारावर चाललेली. साहेब वर भांडत राहिले, खाली आमच्या शिव्या खात राहिले. शेवटी कंत्राटदार आला, पण एकही बाई घरी गेली नाही. सगळ्यांना दुसऱ्या खात्यांत घेतलं. त्या संध्याकाळी साहेब गेटातून बाहेर पडले आणि पॅकिंगच्या लताबाईनं हात वर करून आरोळी दिली, "देवधर साहेब..." साऱ्या बायका एका दमात, "झिंदाबाद!" मी बोंबलतोय, "गप गो, गप ऱ्हवा!" पण ऐकतंय कोण? वर काचेआड हेड ऑफिसची माणसं उभी होती. साहेब मान खाली घालून निघून गेले. कान लाल झाले होते त्यांचे.

थोड्याच दिवसांत त्यांना घरी बसवलं. नवा आला तो खरंच कसाई निघाला. वर्ष फिरायच्या आत त्या बायका रस्त्यावर आल्या, पाठोपाठ मीही. "माझ्याच आरोळीनं घात केला," म्हणत लताबाई साहेबांच्या दारात जाऊन ढसाढसा रडली. साहेब म्हणाले, "अहो, जन्मभर मुर्दाबाद ऐकली. एक झिंदाबाद मिळाली, तीही परत नेता की काय?" ते हसले, पण माझ्या जिवाला ते अजून लागून आहे...

चंदनवाडीच्या स्मशानात आम्ही जुने सगळे जमलो. लताबाई म्हणाली, "भाऊ, घोषणा द्या ना." मी मूठ वर केली. "देवधर साहेब..." बस्, इतकंच. त्या नावापुढे माझ्या जिभेला एकच शब्द माहीत, आणि साहेब तर समोर निजलेले. मूठ वरच राहिली. 'अमर रहे' म्हणायचंही कुणाला सुचलं नाही.

दिवसकार्य उरकल्यावर वहिनींनी ज्येष्ठमधाची डबी माझ्या हातात ठेवली. "ऑफिसातून येताना एवढीच आणली होती त्यांनी." चंदनवाडीपासून घसा बसलाय, सुटतच नाही. डबी हलवली की आत एखाददुसरी काडी वाजते. उघडत नाही मी. चघळली की संपेल, आणि मग पुढे सरकवणारं कोण आहे?