साहेबांच्या पोटात काय गेलं

घासकाकूंच्या दारावरून कोरड्या तोंडाने पुढे जाणं भल्याभल्यांना जमलं नाही. विजेचं मीटर बघायला येणारा माणूस आधी सगळी गल्ली उरकायचा आणि काकूंकडे शेवटी यायचा, कारण तिथून निघाल्यावर त्याला जिने चढवत नसत. काकू घरीच केक करून विकायच्या. ओव्हनशेजारी एक उंच स्टूल होतं; त्याच्यावर जो टेकला, तो संपला. "खा" असं काकू कधीच म्हणत नसत. समोरचा बोलता बोलता "हो का?" म्हणायला तोंड उघडी, तेवढ्यात घास आत. नाव काही उगीच पडत नाही.

त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करत. पुढच्या खोलीत डोळ्याला भिंग लावून बसलेला हा माणूस लग्नात काडीसारखा होता म्हणे. आता खुर्चीतून उठायचं झालं तर दोघं एकदम उठतात, तो आणि खुर्ची.

सगळं जग काकूंच्या हातचं खाऊन तृप्त झालं, एक नणंद सोडून. वन्सं म्हणजे घड्याळजींची थोरली बहीण. जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, आणि खाण्याच्या बाबतीत चिमणीने शिकवणी लावावी अशी. काकूंनी या घरात आल्यावर पहिला केक केला, तेव्हा वन्संनी तो सुरीच्या टोकाने जरासा उचकून पाहिला आणि म्हणाल्या, "वहिनी, लोणी जास्त पडलंय." चाखला नाहीच. दोघींचे केस पांढरे झाले, पण वन्संच्या तोंडून "छान झालंय" काही निघालं नाही. भांडणही नाही हो. भांडण असतं तर मिटलं तरी असतं.

म्हणून वन्संचा गुडघा बदलायचं ठरलं आणि त्यांनी आपला कुत्रा काकूंच्या हवाली केला, तेव्हा गल्लीने तोंडात बोटं घातली. कुत्र्याचं नाव साहेब. भुऱ्या मिशांचा, आखूड पायांचा, बघावं तेव्हा कुणाचा तरी अर्ज नामंजूर केल्यासारखा चेहरा. वन्संना आगापिछा काही नाही. जे काय होतं ते हे.

जाताना वन्सं दारात उभ्या राहून म्हणाल्या, "उकडलेला भात, बिनमिठाचं चिकन, हाडं काढून. कधी गाजर, कधी भोपळा, तोही उकडून. साधं दही चालेल. चॉकलेट म्हणजे विष, तुमच्या घरात ते फार असतं म्हणून सांगते. आणि यापलीकडे काहीही नाही. वहिनी, काहीही म्हणजे काहीही."

"अहो वन्सं, मी काय त्याला मारणार आहे का?" काकू हसून म्हणाल्या.

वन्सं हसल्या नाहीत.

काकूंनी त्याच दिवशी चॉकलेटचे डबे माळ्यावर टाकले. पण साहेबांनी अन्नाला तोंड लावलं नाही. भात केला, वास घेऊन तोंड फिरवलं. चिकन उकडून तंतू तंतू सोडवून ठेवलं, तेही तसंच वाळलं. गाजर झालं, भोपळा झाला. दारापाशी पाय पसरून बसायचं आणि रस्त्याकडे बघायचं, एवढाच साहेबांचा कारभार.

"आठवण येत असेल ताईची," घड्याळजी म्हणाले. "खाईल भूक लागली की."

"तुम्हाला काय कळतंय? बरगड्या दिसायला लागल्या त्याच्या!"

"त्याच्या बरगड्यांवर एवढे केस आहेत, तुला दिसल्या कुठून?"

काकूंना काही गोड लागेना. एक तर जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्यांचा घास नाकारत होतं, आणि तो नाकारणारा वन्संचा. जशी मालकीण तसा कुत्रा, असं त्या ओव्हनलाच सांगत सुटल्या. आणि रोज दवाखान्यातून वन्संचा फोन: "जेवला का?" काकू म्हणायच्या, "थोडंसं." गणिताच्या बाईंना थोडंसं म्हणजे किती ते विचारल्याशिवाय राहवत नसे, आणि काकूंना ते सांगता येत नसे.

त्या दिवशी दुपारची जेवणं झाल्यावर काकू एका ऑर्डरच्या केकसाठी काळ्या मनुका निवडत बसल्या होत्या. एक मनुका हातातून सुटली आणि घरंगळत दारापर्यंत गेली. साहेबांनी मान वळवली. वास घेतला. आणि खाल्ली.

त्यांनी दुसरी टाकली. तीही गेली. तिसरी हातावर धरली, तर साहेब चक्क उठून आले आणि काकूंच्या तळव्याला ओली जीभ लागली.

मनुका! अहो, आजारी माणसाला आपण देतो, बाळंतिणीला देतो, रक्त वाढतं, पोट साफ होतं. मनुका म्हणजे निम्मं औषधच की. वन्संनी चॉकलेटला विष म्हटलं होतं; मनुकांचं नाव कुठे घेतलं होतं? काकूंनी मूठ भरली. मग आणखी एक. साहेबांची शेपटी पहिल्यांदा हलली, आणि काकूंचे डोळे भरून आले.

लगेच फोन. "वन्सं, साहेब जेवले हो! पोटभर!"

पलीकडून वन्सं म्हणाल्या, आणि आवाज जरा ओला होता, "काय खाल्लं?"

आता इथे खरं सांगायला काय जात होतं? पण यापलीकडे काहीही नाही, हे शब्द काकूंच्या कानात होते. आणि वन्संचा ओला आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता, तो लगेच सुकवणं त्यांच्या जिवावर आलं.

"भात आणि चिकन," काकू म्हणाल्या. "वाटी चाटून पुसून."

"वहिनी," वन्सं म्हणाल्या, "छान झालं."

काकू फोन ठेवून तशाच उभ्या राहिल्या. जे ऐकायला आयुष्य गेलं ते मिळालं, आणि तेही लबाडीवर.

उन्हं कलायच्या सुमाराला साहेबांनी ओकारी काढली. ओव्हनसमोरच. थोड्या वेळाने पुन्हा. मग त्यांनी स्टुलाखाली अंग टाकलं आणि हाक मारली तरी कान हलवेनात. काकूंनी पाणी पुढे केलं. साहेबांनी डोळे उघडले, पाण्याकडे पाहिलं आणि परत मिटले.

"अहो, ऐकलंत का? भिंग काढा आधी! याला काहीतरी होतंय!"

घड्याळजींनी साहेबांना टॉवेलात गुंडाळून उचललं आणि दोघं रिक्षाने जनावरांच्या डॉक्टरणीकडे गेले. लहानशी खोली, मधोमध पत्र्याचं टेबल, कोपऱ्यात एका खोक्यात मांजर गुरगुरतंय. डॉक्टरीणबाई तरुण होत्या पण बोलायला थेट. साहेबांच्या हिरड्या पाहिल्या, पोट चाचपलं.

"वय किती? आधीचं काही दुखणं?"

ते काकूंना काय माहीत! घड्याळजींनी बहिणीला फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. वन्संनी वय सांगितलं, मागची आजारपणं सांगितली. सगळं नीट, शाळेत सांगावं तसं. फक्त शेवटी आवाज फाटला. "डॉक्टर, तो वाचेल ना?"

"आज काय खाल्लं त्याने?" डॉक्टरणीने विचारलं.

काकूंनी तोंड उघडायच्या आत फोनमधून उत्तर आलं. "भात आणि उकडलेलं चिकन. माझ्या वहिनींनी स्वतः भरवलंय. त्यांच्या हातचं आहे म्हणजे ताजंच असणार."

आणि शब्द कसे, तर भरवशाचे! टोमणा असता तर काकूंनी तोंडावर परत केला असता.

"हाड गेलंय का एखादं?"

"नाही हो, मी एकेक तंतू..." काकू अडखळल्या. चिकन होतंच कुठे पोटात?

"कांदा, लसूण? चॉकलेट?"

"नाही. डबे माळ्यावर आहेत."

"द्राक्षं?"

"आत्ता कुठली द्राक्षं मिळायला?" काकू पटकन म्हणाल्या. म्हणाल्या आणि लगेच त्यांना मनुका आठवल्या. द्राक्षं वाळली की काय होतं, हे केकवालीला कुणी सांगायची गरज नव्हती.

डॉक्टरीणबाई इंजेक्शन भरू लागल्या. "नवीन जागा, मालकीण जवळ नाही, पोट बिघडलं असेल. उलटी थांबायचं इंजेक्शन देते. घरी न्या, सकाळी कसा आहे ते कळवा."

"बरं झालं बाई," फोनमधून वन्सं म्हणाल्या. "वहिनी, तुम्हाला फार त्रास देतोय हा."

उलटी थांबायचं इंजेक्शन. म्हणजे आत जे आहे ते आतच राहणार. काकूंनी साहेबांकडे पाहिलं. त्यांचं पोट भराभर वरखाली होत होतं. सुई कातड्याला टेकणार होती.

काकूंनी डॉक्टरणीचं मनगटच धरलं.

"थांबा! द्राक्षं विचारलीत ती का?"

"कुत्र्यांना चालत नाहीत. मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. का?"

फोन टेबलावर होता. घड्याळजींनी बायकोचा चेहरा पाहिला, त्यांना काय कळलं कोण जाणे, फोन बंद करायला हात पुढे केला. काकूंनी मान हलवली. राहू दे म्हणाल्या.

"मनुका," काकू म्हणाल्या. "भात-चिकनला त्याने तोंड लावलं नाही. आल्यापासूनच धड खाल्लं नाही. मी मनुका दिल्या. दोन मुठी. वन्सं, मी खोटं बोलले तुमच्याशी."



डॉक्टरीणबाईंनी ती सुई बाजूला फेकली. "कधी दिल्या?"

"दुपारी. जेवणं झाल्यावर."

"आधीच्या उलट्यांत पडल्या का?"

"थोड्या. पाणीच जास्त होतं."

"मग अजून आत असतील. धरा त्याला, दोघंही. आता उलटी थांबवायची नाही, काढायची."

पुढचं सांगण्यासारखं नाही. काकूंची साडी गेली, टेबल गेलं, खोक्यातलं मांजरही ओरडायचं थांबून बघायला लागलं. फुगलेल्या काळ्या मनुका एकामागून एक बाहेर येत होत्या, आणि काकू साहेबांचं कपाळ धरून प्रत्येकीला शिव्या घालत होत्या. जिने कुत्र्याला कधी "हाड" म्हटलं नाही, तिच्याकडे एवढा साठा होता हे घड्याळजींनाही ठाऊक नव्हतं.

सगळं झाल्यावर सलाईन लावलं. "एखाद्या कुत्र्याला वाटीभर खाऊन काही होत नाही, एखादा चार मनुकांनी जातो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कोणता कुठला ते आधी कळत नाही. रक्त तपासत राहायचं. सलाईन संपेपर्यंत इथेच ठेवा."

तेव्हा कुठे फोनमधून आवाज आला.

"वहिनी."

"बोला वन्सं." काकूंनी डोळे मिटून घेतले.

"तुम्ही आत्ता बोलला नसतात तर?"

वन्संनी उत्तराची वाट पाहिली नाही. "अरे," त्या भावाला म्हणाल्या, "त्याच्या कानामागे खाजव. भीती वाटली की त्याला तिथे बरं वाटतं." आणि फोन बंद झाला.

पुढचे दोन दिवस काकूंनी ओव्हन पेटवला नाही. ऑर्डर परत केली. डॉक्टरणीच्या बाकावर बसून राहायचं, साहेबांनी कूस बदलली की उठायचं. मीटरवाला आला आणि स्टुलावर बसून उपाशीच परत गेला. त्याने गल्लीत जाऊन सांगितलं की काकूंकडे कुणीतरी गेलंय बहुतेक. वन्संचा फोन यायचा तो घड्याळजींना, काकूंना नाही. काकूंनीही मागून घेतला नाही.

पहिली तपासणी बरी आली. दुसरीला डॉक्टरीणबाई कागदाकडे पाहत राहिल्या.

"मूत्रपिंडं शाबूत आहेत," त्या म्हणाल्या. "पण आता खायला हवं. भात, भोपळा, थोडं उकडलेलं अंडं, काहीही साधं. पोट असंच रिकामं राहिलं तर दुसरं दुखणं उभं राहील. कुणाच्या हातून खातो हा?"

घड्याळजींनी बहिणीला फोन लावला. "ताई, माझं ऐक. प्राण्यांना ठेवून घेणारी एक जागा आहे चौकात. तू म्हणत असशील तर तिथे..."

"फोन वहिनींकडे दे," वन्सं म्हणाल्या.

काकूंनी फोन कानाला लावला.

"काय आहे समोर?"

"भात," काकू म्हणाल्या. "नुसता. मीठ नाही, तूप नाही. आणि भोपळा, उकडलेला, चमच्याने ठेचून."

"आणखी?"

"आणखी काही नाही, वन्सं."

"मग भरवा. मी ऐकतेय. काय घातलं तोंडात ते दर घासाला मोठ्याने सांगायचं."

काकू गुडघ्यांवर बसल्या. बोटाच्या टोकावर एवढासा भात घेतला. "भात," त्या म्हणाल्या. साहेबांनी तोंड फिरवलं. "भात," काकू पुन्हा म्हणाल्या, हात तसाच धरून. साहेबांनी बोटाचा वास घेतला, मग फोनकडे पाहिलं, कारण फोनमधून वन्सं हळूच म्हणाल्या होत्या, "घे रे. घे वहिनींच्या हातचं."

जीभ बाहेर आली.

"खाल्ला," काकू म्हणाल्या. आणि त्यांना हुंदका फुटला.

"रडू नका, वहिनी," वन्संचा आवाज पुन्हा शाळेतला झाला. "दुसरा घास. काय आहे?"

"भोपळा," काकू नाक पुसत म्हणाल्या.